सातवी चूल

मुंबई,
३ नोव्हेंबर १९४३

हरिबादादांस अर्जुनाचा नमस्कार.

दिवाळीला आलो नाही म्हणून आईनं तुमच्यापुढं माझा उद्धार केलाच असेल. कारण कळलं की तुम्हीच तिची समजूत घाला. आपल्या भावकीत कागद वाचणारे तुम्ही एकटे, तेव्हा हे काम तुमच्याच गळ्यात.

एम. ए.साठी मला प्रबंध लिहायचा आहे. परवा आमच्या प्राध्यापकांना बोलता बोलता सांगत होतो, की दिवाळी झाली की आमचे लोक खानापूर तालुक्यातलं कोरडं रान सोडतात आणि मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. उसाच्या रानात मेंढरं बसवून खत देतात, मिरगाला परत फिरतात. या सगळ्या फिरत्या संसाराला आम्ही वाडा म्हणतो. माझा थोरला भाऊ केरबा आणि आई आत्ता वाड्याबरोबर चालत असतील. हे ऐकताना ते खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, "माणसं आफ्रिकेला गेली, ब्रह्मदेशाला गेली, त्यांच्यावर ग्रंथ झाले. पण दरसाल त्याच गावांत जाऊन दरसाल परकेच राहणाऱ्या माणसांवर कुणी एक पान लिहिलेलं नाही. तुम्हीच लिहा."

दादा, लहानपणी मेंढरांमागं हुंदडलेल्या पोराला कुणी असं म्हणेल, हे स्वप्नातही नव्हतं. प्रबंध चांगला झाला तर पुढं कॉलेजात शिकवायची जागा मिळेल. आपल्यातला पहिलाच.

सोबत छापील तक्ते आहेत. वाड्यावर कुटुंबं किती, चुली किती, कुठल्या तिथीला कुणाच्या रानात तळ, एवढंच भरायचं. नाताळच्या सुट्टीत मी पंधरा दिवस वाड्याबरोबर चालणार आहे, बाकीचं तेव्हा बघू.

आपला,
अर्जुन


हिंगणवाडी, ता. खानापूर,
१९ नोव्हेंबर १९४३

अर्जुना, आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. त्याला डिंक दोनदा लावलेला होता. एवढा उधळ्या कधीपासून झालास?

आपल्या लोकांवर लिहितोयस याचा मला आनंद आहे. शाळेत दोनदा पत्र वाचलं. पण मुंबईत बसून जिल्ह्याची हवा तुला कळत नसेल. बेचाळीसपासून भूमिगत झालेली माणसं हुडकत पोलीस गावोगाव फिरतात. औंध संस्थानच्या हद्दीत त्यांना सहजी शिरता येत नाही, म्हणून हद्दीवर येणारं-जाणारं तपासत बसतात. गेल्या साली मेंढरांचा डॉक्टर म्हणवणारा एकजण आला होता. त्यानं मेंढरांचे खूर पाहिले, तोंडं उघडून जिभा पाहिल्या आणि जाताना माणसं मोजून गेला. आठव्या दिवशी शेजारच्या वाडीवर धाड पडली. तेव्हापासून हातात वही दिसली की बाया पोरांना आत घेतात.

तुझे तक्ते मी वाड्यावर जाऊन केरबाला दाखवले. तो बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "आर्जुना माजा सख्खा भाऊ हाय मास्तर. पर ही वही कुनाची हाय?"

याचं उत्तर मी तुलाच विचारतो. तुझ्याकडं असलं तर कळव. ये, तुझंच घर आहे. पण तळाच्या तिथी आणि गावांची नावं लिहायची राहिली तर तुझी डिग्री काही अडणार नाही, असं मला वाटतं.

हरिबा


मुंबई,
२४ जानेवारी १९४४

दादांस नमस्कार.

डिंकाचं काही कळलं नाही. मी तर जिभेनंच पाकीट चिकटवतो.

पंधरा दिवस चाललो. पायाला फोड आले, पण वही भरली. फक्त एक गोष्ट मनाला लागली, ती तुम्हालाच सांगतो. मी चुलीजवळ गेलो की बोलणं थांबायचं. साळूवहिनी भाकरी थापता थापता एकदम मेंढरांना हाकारायची, आणि मेंढरं तर समोर गप बसलेली! केरबानं माझ्याशी हवापाण्यापलीकडं बोलणं केलं नाही. सख्ख्या भावानं पाहुण्यासारखं वागवलं. चार बुकं शिकलो हा काय गुन्हा झाला?

पण दादा, एक मोठी गोष्ट सापडली. वाड्यावर कुटुंबं सहा आणि चुली सात. मी तीनदा मोजल्या. सातवी चूल जरा आडबाजूला, घोड्यांच्या पलीकडं असते. तिच्यावर एक नवं कोरं गाडगं आणि नवा तवा. त्या चुलीची भांडी दुसऱ्या चुलीला लागत नाहीत. वाड्यावर दोनदा मटण झालं, तर त्या दोन्ही दिवशी ती चूल आणखी लांब मांडली. सगळ्यात नवल म्हणजे इतर चुली दिवेलागणीला पेटतात, तेव्हा ही विझलेली असते. रोजच्या रोज दिवस मावळायच्या आत ती विझवतात. मी नोंद ठेवलीय.

आईला विचारलं. ती म्हणाली, "देवाची हाय. इचारू नगंस."

मी म्हटलं, त्या भाकरी कोण खातं?

"द्येव खातो."

चार भाकऱ्या खाणारा देव, दादा! आणि सकाळी खरंच गाडगं घासून पालथं घातलेलं असतं. ही कुठली चाल? माझ्या लहानपणी तर ही चूल नव्हती. की होती आणि मला आठवत नाही? प्राध्यापकांना सांगितलं तर ते उठून फेऱ्या मारायला लागले. सविस्तर लिहा. माझा सगळा प्रबंध या चुलीवर उभा राहील असं वाटतंय.

अर्जुन


हिंगणवाडी,
८ फेब्रुवारी १९४४

अर्जुना, आशीर्वाद.

तू मेंढरांमागं असताना कधी एवढं लक्ष दिलं नाहीस, नाहीतर लांडग्यानं दोन कोकरं नेली नसती.

ती चूल देवाचीच आहे. तुझ्या लहानपणी नव्हती, कारण नवस मोडला होता. जुनी माणसं सांगत, की घर सोडून परमुलखाला निघताना घरचा देव मागं एकटा ठेवू नये, त्याची चूल संगती घ्यावी. देव सोवळा, म्हणून त्याला मटण चालत नाही आणि भांडी वेगळी. देव अंधारात जेवत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत ती शांत करायची. दोन-तीन सालं लागोपाठ मेंढरं मेली, म्हणून तुझ्या आईनं, हरणाकाकूंनी, हा नवस पुन्हा धरला. भाकरी कुत्र्याला घालतात. बस्स, एवढंच आहे.

हे असलं अडाणीपण छापून आपलं हसं करून घेऊ नकोस. दुसरं काहीतरी लिही. लोकरीवर लिही, घोंगड्यांवर लिही. मी पाहिजे तेवढी माहिती देईन.

हरिबा


मुंबई,
२ एप्रिल १९४४

दादा, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुम्ही ज्याला अडाणीपण म्हणता त्याला इथं लोक उठून उभे राहिले! तुमचं पत्र मी शब्दश: उतरवून घेतलं आणि त्यावरून निबंध लिहिला. परकेपणात माणूस आपला मुलूख चुलीच्या रूपानं बरोबर नेतो, असा त्याचा गाभा. प्राध्यापकांनी तो अभ्यासू मंडळींच्या एका सभेत वाचायला लावला. खाली तुमचं नाव आहे, "माहिती देणार, हरिबा मासाळ, शिक्षक". आजवर कोण विचारत होतं आपल्याला?

सभेत एक सरकारी अधिकारी होते. मराठीच आहेत, फार विनयी गृहस्थ. मागं काही वर्षं सांगली-कोल्हापूरकडं नोकरीला होते म्हणाले. इतरांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या, पण यांनी खरे प्रश्न विचारले. चूल नेमकी केव्हा विझते? मी म्हटलं, दिवस मावळायच्या आत, एकदाही चुकलं नाही. मग हसून म्हणाले, "आणि तुमच्या देवाला कांदा-लसूण चालतो का हो?" मला आधी चेष्टा वाटली. मग आठवलं, की त्या चुलीशेजारी मी लसणाची पाकळीसुद्धा पाहिली नव्हती. तसं सांगितलं. ते म्हणाले, "वा, फार बारकाईनं पाहिलंत." निबंधाची आणि तळांच्या नकाशाची एक प्रत त्यांनी मागून घेतली. आपल्या लोकांबद्दल एवढी आस्था असलेला अधिकारी मी पहिल्यांदा पाहिला.

चैत्र अमावास्येच्या सुमाराला वाडा मलकापूरच्या शिवारात असेल ना? केरबा वहिनीला तसं सांगताना मी ऐकलं होतं, आणि मी नकाशात तसंच दाखवलंय. चुकलं असेल तर कळवा.

अर्जुन


हिंगणवाडी,
२९ एप्रिल १९४४

अर्जुन,

मलकापूरच्या रानात परवा ऊन कलतीला पोलीस आले. इतर सहा चुलींकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. घोड्यांना वळसा घालून सरळ पलीकडं गेले. वाड्यावर आलेल्या एका पाहुण्याला नेलं. केरबा आडवा गेला, त्याचा पाय मोडला.

तुझं दोन तारखेचं पत्र मला काल मिळालं. मुंबईचं पत्र यायला सव्वीस दिवस लागत नाहीत.

तू कागद कुणाला दिलेस, हे मी विचारत नाही. तूच लिहून पाठवलंयस. आता पत्र लिहू नकोस.

ह.


मुंबई,
९ मे १९४४

दादा,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहितो, कारण तुमच्या पत्रानं माझी झोप उडाली. केरबाचा पाय कसा आहे? आणि पाहुणा कोण? मी पंधरा दिवस होतो, मला कुणी पाहुणा दिसला नाही. वाड्यावर माणूस लपवून ठेवला होता आणि मला देवाची गोष्ट सांगितली, असं तर नाही ना? तसं असेल तर खोटं कुणी लिहिलं, मी की तुम्ही? मी जे पाहिलं ते लिहिलं. तुम्ही जे नव्हतं ते लिहिलंत.

आणखी एक. गावाकडून आलेल्या एकानं सांगितलं, की पोलिसांनी तुम्हाला चौकशीला नेलं आणि तिसऱ्याच दिवशी सोडलं. अंगावर वळ नाही. उलट कचेरीत चहा पाजला. आता तुमची बदली वाईला झालीय म्हणे, घाटाजवळच्या चांगल्या शाळेत. केरबाचा पाय मोडतो आणि तुम्हाला चहा मिळतो, याचा अर्थ मी काय लावायचा? तुम्ही माझ्यावर संशय घेण्याआधी एवढं सांगा.

अर्जुन


मुंबई,
१६ नोव्हेंबर १९४७

ती. हरिबादादांस,

साडेतीन वर्षांनी लिहितोय. त्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मीही जिद्दीनं गप्प बसलो. पण देश स्वतंत्र झाला आणि आपण अजून एकमेकांकडं संशयानं बघतोय, हे बरं वाटत नाही.

मधे पंचेचाळीसच्या मे महिन्यात मी वाड्यावर गेलो होतो. केरबा लंगडतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मेंढरं घेऊन रानात निघून गेला. आईनं तांब्या भरून पुढं ठेवला आणि म्हणाली, "पावनं, पानी घ्या." दादा, मला! मी तासभर बसलो. ती लोकर कातत राहिली. उठून आलो, ते परत गेलोच नाही.

बाकी माझं चांगलं चाललंय. एम. ए.त पहिला आलो. इथल्या कॉलेजात हंगामी शिकवतोय. प्रबंध वाढवून त्याचं पुस्तक होतंय, त्यातलं तिसरं प्रकरण 'देवाची चूल'. ते निघालं की जूनपासून जागा कायम, असं प्राध्यापकांनी शब्द देऊन सांगितलंय. विलायतेच्या एका नियतकालिकानंही या प्रकरणाबद्दल विचारणा केलीय.

पुस्तक आईला अर्पण करायचंय. पण तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, हे कळल्याशिवाय तिचं नाव छापायला हात धजत नाही. तिला काय सांगितलंय, कुणी सांगितलंय? त्या पाहुण्याचं पुढं काय झालं? आता तरी खरं लिहा. पत्रं फोडणारे गेले.

अर्जुन


वाई,
७ डिसेंबर १९४७

अर्जुना,

पत्रं फोडणारे गेले, हे खरं. म्हणून लिहितो. बसून वाच.

पाहुण्याचं नाव आप्पासो. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावातला जैन शेतकऱ्याचा पोरगा, वय चोवीस. बेचाळीसच्या चळवळीत त्याच्यावर वॉरंट निघालं. वर्षभर औंधच्या हद्दीत लपला. पुढं कृष्णाकाठच्या माणसांना निरोप पोचवायला त्याला खाली उतरायचं होतं. धनगराच्या वाड्याला हद्दीवर कोण अडवतं? डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं. रोज नवं शिवार. मीच त्याला केरबाकडं आणला.

तो म्हणत होता, "मी काय बी खाईन, माज्यासाटी येगळं करू नगा." पण हरणाकाकूंनी ऐकलं नाही. "तुज्या आईनं चोवीस वरसं पाळलंय ते माज्या वाड्यावर मोडायचं व्हय? मी तुज्या आईला काय त्वांड दावू?" असं म्हणून त्यांनी स्वत: जाऊन नवं गाडगं आणलं आणि सातवी चूल मांडली. जैनाचं पोर, दिवस मावळल्यावर जेवत नाही, म्हणून त्याची भाकरी उजेडात व्हायची. मी काकूंना सांगितलं, हे दिसेल, कुणाच्या तरी डोळ्यावर येईल. त्या म्हणाल्या, "लपवायचं त्ये लपवू, पर पावन्याचा धर्म बुडवून न्हाई."

तू आलास तेव्हा पंधरा दिवस आप्पासो उसात राहिला. तू विचारलंस म्हणून काकू देवाचं म्हणाल्या. तुझं पत्र आलं तेव्हा मी घाबरलो. खरं लिहावं तर पाकीट वाटेत कोण उघडतंय ते ठाऊक होतं. काहीच लिहिलं नाही तर तू आणखी खोदशील. म्हणून नवस रचला. मास्तर माणूस, गोष्ट रचायची सवय. एवढी चांगली रचली की तू ती सभेत वाचलीस!

तुला जे सहा महिन्यांत कळलं नाही, ते त्या विनयी गृहस्थाला एका लसणाच्या प्रश्नात कळलं. सांगलीकडं नोकरी केलेला माणूस तो. दिवसा जेवणारा, लसूण न खाणारा देव कुठल्या गावचा असतो, हे त्याला ओळखता आलं.

आता चहाचं. मला कचेरीत नेलं तेव्हा मीही मार खायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी टाइप केलेले कागद पुढं टाकले. तुझा निबंध. दोन ओळींखाली लाल पेन्सिल, आणि तळाशी माझं नाव, "माहिती देणार". जमादार म्हणाला, "मास्तर, तुमचे उपकार झाले," आणि चहा मागवला. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. सगळा गाव बाहेर उभा होता, आणि मी न मार खाता बाहेर आलो. त्या दिवसापासून आपल्या वाडीत माझ्या हातचं पाणी कुणी मनापासून घेत नाही. बदली चांगल्या शाळेत झाली, म्हणून तर लोकांची खात्रीच पटली. माझ्या लोकांपासून मला लांब टाकलं, हे कुणाला सांगू?

आप्पासो पंचेचाळीसच्या मार्चमध्ये तुरुंगात तापानं गेला. त्याच्याकडून त्यांना एक नाव मिळालं नाही.

तुझ्या नऊ मेच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण त्यात तू विचारलेलं खरं होतं. तू पाहिलेलं लिहिलंस, मी नसलेलं लिहिलं. दोन्ही मिळून तो कागद झाला. काकूंना मी काही सांगितलेलं नाही. पण धाड पडली तेव्हा त्या तुझं नाव न घेता एवढंच म्हणाल्या होत्या, "मोजून गेला, तवाच माज्या काळजात हाललं."

आता पुस्तकात देवाची चूल ठेवायची की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही. एकदा सांगून पाहिलं होतं.

हरिबा


मुंबई,
२८ डिसेंबर १९४७

दादा,

चार दिवस कॉलेजात गेलो नाही. तुमचं पत्र उशाशी होतं. पुन्हा पुन्हा एकच दिसत होतं. मी सभेत उभा आहे, तो माणूस हसून विचारतोय, आणि मी हुशारी दाखवायला म्हणतोय, लसणाची पाकळीसुद्धा नव्हती. मला कुणी धमकावलं नाही, आमिष दाखवलं नाही. मला शाबासकी हवी होती, एवढ्यावरच माणूस दिला.

केरबानं विचारलं होतं, वही कुणाची आहे. तेव्हा मला राग आला होता. आज उत्तर ठाऊक आहे. माझी नव्हती.

तुमच्यावर मी संशय घेतला, त्याची माफी मागायला शब्द नाहीत. तुम्ही साडेतीन वर्षं माझं नाव गावात घेतलं नाहीत आणि स्वत:वर चिखल उडवून घेतलात. मी मात्र एका चहावरून तुम्हाला फितूर ठरवलं.

प्राध्यापकांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकून हळहळले, खोटं कशाला बोलू. पण प्रकरण काढतो म्हटल्यावर म्हणाले, "चूल होती ना? दिवस मावळायच्या आत विझत होती ना? मग तुमच्या निरीक्षणात चूक कुठं आहे? अर्थ फक्त बदलतो. एक तळटीप द्या." मी म्हटलं, सर, ज्याचा जीव गेला तो तळटिपेत मावणार नाही. त्यांनी पुस्तकाचे कागद चाळले. मग म्हणाले, हे प्रकरण नसेल तर पुस्तकात उरतं काय? कायम जागेची शिफारस मग मला करता येणार नाही.

छापखान्यात जाऊन तिसऱ्या प्रकरणाचे कागद परत आणले. त्या नियतकालिकालाही नकार कळवला. जागा आता दुसऱ्याला मिळेल. मे अखेरपर्यंत हंगामी नोकरी आहे, पुढचं पुढं.

दादा, एक काम करा. हे पत्र वाड्यावर जाऊन आईला वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका. तिनं पुन्हा पावनं म्हटलं तरी चालेल, पण माझ्याकडून काय झालं ते तिला माझ्याकडून कळू दे. आप्पासोच्या घरच्यांना कोण सांगणार, हेही विचारा. मला ते तोंड नाही.

अर्जुन


वाई,
११ जानेवारी १९४८

अर्जुना, आशीर्वाद.

शाळेला दोन दिवसांची सुट्टी जोडून मोटारीनं मलकापूरला गेलो. वाडा सांगलीकडं उतरताना तिथं थांबला होता. केरबानं मला बघितलं आणि घोंगडं अंथरलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा.

मला आधी दिसली ती चूल. घोड्यांच्या पलीकडं, सातवी. तेच गाडगं, आता काळं पडलेलं. मी चरकलो. साळूवहिनीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आप्पासोला नेल्यापास्नं सासूबाईंनी एक दिस बी खंड न्हाई क्येला. दिस मावळायच्या आत भाकरी करत्यात, कुत्र्याला घालत्यात, इझवत्यात." जे मी तुला खोटं लिहिलं होतं, ते सगळं तिथं खरं चाललंय.

तुझं पत्र वाचलं, आणि मी तुला लिहिलं होतं तेही तोंडी सांगितलं. काकू लोकर कातत होत्या. एकदाही हात थांबला नाही. नवस मी रचला, हे मी सांगितलं तेव्हा केरबानं मान खाली घातली, पण उठून गेला नाही. सगळं संपल्यावर काकूंनी विचारलं, "त्याची नोकरी ग्येली?"

मी म्हटलं, जाईल.

"त्यानं आपनहून सोडली का काडली?"

आपणहून, म्हटलं.

त्या मग कातायची चाती बाजूला ठेवून रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, धाड पडल्यावर गेलो तेव्हाही नाही.

थोड्या वेळानं बोलल्या ते मी लगेच पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं, म्हणजे त्यात माझी भर पडायला नको. "आप्पासो ग्येल्यापास्नं दर पुसात आमी त्याच्या रानात मेंढरं बसवतो. त्याची आई आक्काताई दिस मावळायच्या आत येती. तिच्या हातानं ही चूल पेटवती, भाकरी करती, बसती. तिनं पयल्या सालीच इचारलं, माज्या ल्येकाचा पत्त्या कुनी दिला? मी म्हनलं, म्या दिला बाई. म्या चूल मांडली, धूर माज्यामुळं दिसला. तिनं माजा हात धरला, म्हनली, तू जेवू घातलंस गं. तवापास्नं तिच्याम्होरं मी खोटं घिऊन बसती. पोटच्या पोरावर सौंशय व्हता, पर त्याचं नाव मी तोंडातनं काडलं न्हाई. आता किती दिस झाकू? त्याला म्हनावं, पुसाच्या पुनवंला ये. तूच सांग तिला. मी बाजूला बसती."

पौषी पौर्णिमा सव्वीस जानेवारीला आहे. सांगलीपर्यंत गाडी आहे, पुढं मी तुला घ्यायला येतो. आक्काताईंना जे सांगायचं त्यातला माझा वाटा मी सांगेन, तो तुझ्यावर घालणार नाही. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही.

निघताना मी काकूंना विचारलं, अर्जुनाला सांगू का, की येताना ती वही आणू नको म्हणून?

त्या म्हणाल्या, "आनू दे की. लिवाय लागंल. सात चुली लिवल्या त्यानं, आन् सातवी कुनाची त्ये लिवलंच न्हाई."

हरिबा